देवाघरचं बियाणं

न्यू मेक्सिकोच्या पठारावर, मातीच्या घरांच्या या प्वेब्लो गावात, चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटलंय. पाहुण्यांना वाटतं, गवंडी चुकला. छे! गवंडी नव्हताच मुळी, गवंडीण होती. थानपोवी तिचं नाव.

स्पेनचे शिपाई नवे नवे आले तेव्हाची ही गोष्ट सांगतात. पाऊस दडी मारून बसला होता आणि शिपाई घरोघरचा मका उचलून नेत होते. गावाच्या निळ्या मक्याचं बियाणं थानपोवीच्या घरी असायचं. ते गेलं की गाव गेलंच म्हणायचं. तिच्या जिवाला घोर लागला.

तेवढ्यात पाद्र्याने चर्च बांधायला काढलं आणि भिंतीच्या कामाला पुरुषांना जुंपलं. आता इथली रीत अशी, की भिंत घालावी ती बाईनेच. कोपरापर्यंत चिखलात माखलेले बाप्ये बघून बायका पोट धरधरून हसल्या. ‘अगं बाई, हा माझा नवरा की नणंद?’ असं एकीने विचारलं म्हणे. पुरुष लाजून पळाले. पाद्र्याने कपाळाला हात लावला आणि काम बायकांवर सोपवलं.

थानपोवीला तेच हवं होतं. बियाण्याची मडकी तिने भिंतीत बसवली आणि वरून चिखल थापला.

मग झडती आली. शिपायांनी चुलीसुद्धा उकरल्या. त्यांचा नायक त्याच ओल्या भिंतीला टेकून ओरडला, ‘बियाणं कुठंय, म्हातारे?’

‘देवाघरी,’ ती म्हणाली.

आता खोटं कुठं बोलली ती? नायकाला वाटलं, संपलं सगळं. पाठीला चिखल घेऊन तो चालता झाला. अन् थानपोवीला असं हसू फुटलं, की डोळ्यांचं पाणी थांबेना. सुटलो गं बाई, सुटलो!

पेरणीच्या तोंडावर ती पाद्र्याकडे गेली. ‘फादर, भिंत लिंपायला झालीय.’ बायकांची भक्ती पाहून पाद्री गहिवरला. लिंपता लिंपता बायकांनी दिवसाढवळ्या मडकी काढून घेतली, आणि नवं पीक आल्यावर डागडुजीच्या निमित्ताने पुन्हा भरून बसवली, म्हणे.

आजही पेरणीआधी ही भिंत बायकाच लिंपतात. पुरुष लांब, रिकाम्या हातांनी वाट बघत बसतात, फादरसुद्धा. भिंतीकडून बायकांचं हसू ऐकू आलं, की मगच गावातले वडीलधारे उठतात आणि म्हणतात, ‘चला रे, बियाणं आहे.’