यकृताची हाक

एका धडधाकट देहात पूर्वीपासून एक रीत होती. यकृताला इजा झाली की ते हाक मारायचं. ती ऐकण्याचे कान फक्त राखणदार पांढऱ्या पेशींना होते. त्या रक्तातून धावत यायच्या. म्हणून यकृताच्या दारावरचा म्हातारा पहारेकरी नाव, गाव, काम काहीही न पुसता एकच विचारायचा, "हाक ऐकू आली?"

मोठ्या आतड्यातली एक पेशी काम सोडून नुसती वाढत सुटली होती. वाढता वाढता तिलाही तसाच कान फुटला, आणि एक दिवस ती दारात उभी राहिली.

"काका, ही आतड्यातली आहे," एक पांढरी पेशी ओरडली. "हिचं इथं काय काम?"

"तू शिकवणार मला? चाळीस वर्षं दारावर आहे मी!" काका पाहुणीकडे वळले. "हाक ऐकू आली?"

"अगदी स्पष्ट, काका."

"मग जा बाई आत."

तिने आत बिऱ्हाड थाटलं आणि यकृत पोखरायला घेतलं. यकृत कळवळून आणखी मोठ्याने हाका मारू लागलं. तिच्यापासूनच फुटून आतड्यात राहिलेल्या, तसाच कान असलेल्या तिच्या बहिणींनी त्या ऐकल्या. दारात रांग लागली. काकांनी प्रत्येकीला नियमाप्रमाणे विचारलं. प्रत्येकीला हाक ऐकू आली होती.