फणसाईच्या अंगाला लागलेले हात

वैशाखातल्या पहिल्या रविवारी आमच्या करंबवाडीत खोतांच्या घरातला सगळ्यात वडीलधारा पुरुष अनवाणी बाहेर पडतो. दोन्ही तळहात पुढे पसरून एकेका दारात उभा राहतो. तोंडातून शब्द काढायचा नाही. घरातली बाई बाहेर येते, त्याच्या तळव्यांवर खोबरेल तेलाचे चार थेंब टाकते आणि आत निघून जाते. या, बसा, असंही कुणी म्हणत नाही. सगळी घरं झाली की तो या देवळात येतो आणि हातांवरचं तेल या फणसाईच्या मूर्तीला चोळतो.

मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंत, एवढी जुनी लाकडी मूर्ती, द्यायची झाली तर काय घ्याल? तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुमच्यावर राग नाही. पण विचारलंत, तर आता बसा आणि ऐकून जा. मी इथला गुरव. आमच्या घरात ही हकीकत बापानं मुलाला सांगायचीच, असा नेम आहे.

इंग्रज यायच्याही आधी, असं सांगतात, गावात देवीची साथ आली. घराघरांतली पोरं गेली. तातू मेस्त्री म्हणून एक सुतार होता, त्याच्या बायकोचं नाव आवडी. त्यांची एकुलती एक लेक, सात वर्षांची, त्याच साथीत गेली. गावानं नवस बोलला, साथ थांबू दे, देवी बसवू. साथ थांबली. पण आजाराच्या भीतीनं एकही पाथरवट गावात पाय ठेवीना. तेव्हा आवडी म्हणाली म्हणे, आमच्या अंगणातला फणस घ्या. लेक त्याच झाडाखाली खेळायची. तातूनं झाड पाडलं, आतलं पिवळं लाकूड काढलं आणि अख्खा पावसाळा बसून ही हातभर उंचीची मूर्ती कोरली. देवीला चेहरा दिला तो लेकीचा. नीट पाहा, डावा गाल उजव्यापेक्षा जरा फुगीर आहे. हसली की तिचा तसा व्हायचा, म्हणतात.

पुढे तातू वारला. आवडी रोज सकाळी देवळात यायची, ओल्या फडक्यानं देवीचं तोंड पुसायची आणि जायची. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

त्या वेळी भिवाजी खोत गावचा कारभार पाहत होता. त्यानं नवं घर बांधलं आणि ओटीवर टांगायला त्याला काचेचं झुंबर हवं होतं. खाडीत एका परदेशी व्यापाऱ्याचं गलबत लागलं होतं, त्यावर तसं झुंबर होतं. व्यापारी देऊळ पाहून गेला आणि म्हणाला, झुंबर घ्या, मूर्ती द्या. खोत कबूल झाला! ज्या देवीपुढे त्याच्याच घरातल्या बायकांनी पदर पसरला होता, ती देवी त्यानं छताला टांगायच्या काचांवर देऊन टाकली. गावात हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. देवळाची चावी आमच्याकडे असायची. माझ्या पूर्वजानं ती मुकाट काढून दिली.

आवडीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी ती फडकं घेऊन आली, तर चौथरा रिकामा. तशीच धावत बंदरावर गेली. तिथे एका फळीवर, समया आणि तांब्या-परातींच्या रांगेत, व्यापाऱ्यानं मूर्तीसाठी जागा करून ठेवली होती. खोत दोन्ही हातांत मूर्ती धरून ती त्याला देतच होता.

"खोता, कोणाक इचारलंस?" आवडी ओरडली. खोताला त्या काळी कुणी अरे-तुरे करत नसे.

"देऊळ माझ्या जमनीत हा," खोत म्हणाला. "म्हणजे मूर्ती माझीच."

"आणि झाड खयच्या जमनीतला होता? तोंड कोणाच्या चेडवाचा?"

चेडू म्हणजे लेक. खोत हसला आणि त्यानं मूर्ती पुढे केली. पण ती हातातून सुटेना. वीस वर्षं वाळलेल्या लाकडातून चीक पाझरत होता म्हणे, पांढरा, ओला, नुकत्याच कापलेल्या फणसाला येतो तसा. व्यापाऱ्यानं ओढून पाहिलं, खलाशांनी ओढलं, खोत कळवळला. व्यापारी घाबरला, झुंबर घेऊन त्यानं तसंच गलबत हाकारलं.

खोत मूर्तीसकट घरी आला. त्याला बायको भरवायची. रात्री मूर्ती उराशी घेऊन बसायचा. फणसाचा चीक तेलानं सुटतो, हे कोकणात पोरालाही कळतं. पण घरातलं रांजणभर तेल ओतलं तरी बोट हललं नाही. शेवटी देवीला कौल लावला. कौल मिळाला, घरटी तेल माग.

मग खोत दारोदार फिरला. एकेका घरी एकेक बोट जरासं सैल व्हायचं. शेवटचं घर आवडीचं. तिच्या दारात तो सकाळी गेला. तिनं त्याला फणसाच्या खुंटावर बसवलं आणि आपण दळायला बसली. ऊन चढलं, उतरलं. गाव बघायला गोळा झालं, तेव्हा ती उठून बाहेर आली. आधी गावाकडे वळली.

"आता कित्याक इल्यात? त्या दिसा तुमच्या तोंडांक चीक लागलो होतो?"

खोताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलंय, आवडीबाय," तो म्हणाला. खोतानं सुताराच्या बाईला बाय म्हणणं, तेही चारचौघांत, गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

आवडीनं तेलाची वाटी आणली. "ह्यां तेल तुझ्यासाठी न्हय," ती म्हणाली. "माझ्या चेडवाच्या आंगाक तुझे हात लागलेत. ते काढूक देतंय."

तिनं स्वतःच्या हातांनी तेल चोळलं, मूर्ती सोडवून घेतली, पदरात गुंडाळून देवळात नेऊन बसवली. खोताकडे तिनं वळून पाहिलं नाही. माझ्या पूर्वजाकडून तिनं चावी मागून घेतली आणि खाडीत फेकली. तेव्हापासून या देवळाला कुलूप नाही.

आजही तेलाच्या रविवारी गुरवाच्या घरात चूल पेटत नाही. खोत तेल मागतो, आम्ही उपाशी राहतो. लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या सुनेनं विचारलं, "बाबा, मूर्ती दिली ती खोतानं. आपण तर नुसती चावी दिली. मग आपण का उपाशी राहायचं?"

मी म्हटलं, "अगं, खोतानं दार फोडलं नव्हतं. आम्ही उघडून दिलं होतं."