निळ्या कुंडीतली कवठी

“कुंडी मात्र झकास मिळाली. झाडाचं काय, ते होईल कुंडीसारखं.”

कवठीनं हे ऐकलं तेव्हा ती गोणपाटात गुंडाळलेली होती, आणि गोणपाटातल्या झाडाला ऐकू येत नाही असा त्या राज्यात सगळ्यांचा समज होता. आवाज थोरल्या वडाचा होता. त्यावर कुणीतरी “हो आबा” म्हणालं, आणि मग तिला आत नेण्यात आलं.

त्या राज्यात हातभरापेक्षा उंच कुणी नव्हतं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. सगळेच तेवढे असले की उंचीचा विषय निघत नाही. तिथं मान होता तो वयाला. खोड सुरकुतलेलं असावं, साल भेगाळलेली असावी, फांद्यांना पीळ असावा. मात्र हे सगळं न वाढता झालेलं असावं. कोवळ्या झाडाचं कौतुक व्हायचं ते ‘अगदी म्हातारं दिसतं हो’ असं. ज्याला नवी पालवी फुटे ते काही दिवस जरा ओशाळून वागत असे.

राज्याला दोन पायऱ्या होत्या. खालच्या रुंद पायरीच्या मधोमध थोरला वड, म्हणजे आबा. त्यांच्या पारंब्या मिशीसारख्या कातरलेल्या असत. कुंडी ताटलीसारखी पसरट, जुन्या भाजणीची, बुडाला नामांकित कुंभाराचा शिक्का असलेली. बुड कुणाला दिसत नसल्यामुळे आबा त्या शिक्क्याविषयी बोलत फार. त्यांच्या शेजारी चिंच. तिला सगळे माई म्हणत. वरच्या पायरीवर, उन्हात, थोरली सून बोगनवेल आणि धाकटा मुलगा नांद्रुक. झारीचं पाणी वरून ओतलं जाई. “पाणी आधी वरच्यांना मिळतं, मग थोडं ऊन सोसलं तर बिघडलं कुठं?” असं आबा म्हणत. ते पाणी वर थांबत नाही, भोकांतून गळत शेवटी खालच्या ताटलीत साचतं, हे मात्र ते म्हणत नसत.

राज्याची श्रीमंती कुंड्यांवर ठरे. त्यासाठी एक वेगळी फळी होती. तिच्यावर पाहिजे तेव्हा झाड आणता यावं म्हणून रिकाम्या कुंड्या मांडून ठेवलेल्या असत, आणि पाहुणा आला की त्याला झाडांच्या आधी ती फळी दाखवली जाई. त्या वर्षी आबांनी एक निळी, लंबगोल, चकचकीत कुंडी मागवली. थोडे दिवस ती नवी दिसली, मग रिकामी दिसू लागली. म्हणून नांद्रुकाच्या जोडीला झाड बघायचं ठरलं.

आबा जागेवरून हलत नसत. बघायला माई आणि बोगनवेल गेल्या. रोपवाटिकेतली झाडं त्यांना उफाड्याची वाटली. शेवटी गावाबाहेरच्या जुन्या मुरमाच्या खाणीत, खडकाच्या चिरेत, त्यांना कवठी दिसली.

“जरा वळ बघू,” माई म्हणाली.

कवठी वळली.

“बुंधा बरा आहे.”

“काटे आहेत हो माई,” बोगनवेल म्हणाली.

“तुलाही होतेच की.”

माईनं कवठीचं एक पान निरखून पाहिलं. “पानं किती बारीक आहेत बघ. आधीपासूनच वळण आहे.”

ते वळण नव्हतं. चिरेत जेवढं मिळे तेवढ्यात भागवायची सवय होती. पण पोटाला कमी पडलेलं लांबून बघणाऱ्याला शालीन दिसतं, आणि त्या दोघी लांबून आल्या होत्या. फळ केवढं येतं, हे त्यांनी विचारलं नाही. कवठीनंही सांगितलं नाही. तिला तोवर फळ आलंच नव्हतं.

आणल्या दिवशीच कात्रीला बोलावणं गेलं. ती गप्पिष्ट होती, आणि आपण पाळलेल्या नियमांचा तिला अभिमान होता. “मी आपणहून कुणाकडं जात नाही बाई,” कवठीची मुळं मोकळी करता करता ती म्हणाली. “बोलावलं की यायचं, दाखवलं तेवढं कापायचं. न दाखवलेल्याकडं बघायचंसुद्धा नाही. म्हणून तर सगळीकडं माझं चांगलं आहे.” मग मुळांकडं बघून तिनं च्च केलं. “केवढी लांब गेलीत गं ही! इथं एवढी लागत नाहीत.”

मुळं कापली गेली. त्यांना चिकटलेला तांबडा मुरूम धुऊन टाकला. कवठी निळ्या कुंडीत बसली, आणि सगळ्यांनी कुंडीचं कौतुक केलं.

मग तार आली. कवठीची एक फांदी सरळ वर जात होती. तिच्याभोवती तार गुंडाळून ती वरच्या पायरीच्या कडेवरून पुढं, खाली वाकवण्यात आली, बरोबर आबांच्या डोक्यावर. ही जागा आबांनीच सांगितली होती. नवी सून कायम त्यांच्यापुढं वाकलेली दिसावी, आणि आल्यागेल्यालाही तशीच दिसावी, एवढीच त्यांची इच्छा.

कवठी फारसं बोलत नसे. घुमी आहे, असं बोगनवेलीचं मत पडलं. गरीब आहे, असं माईचं. खरं म्हणजे ती बघत असे.

ऋतू आला तसा सगळीकडं कळ्या दिसू लागल्या आणि कात्री पुन्हा हजर झाली. या कामाला त्या राज्यात ‘हलकं करणं’ म्हणत. पानांचं कसं, वर्षानुवर्षं छाटत राहिलं की ती लहान यायला लागतात. फळांचं काय होतं हे कुणी सांगू शकलं नसतं, कारण फळ बघितलेलं कुणी उरलं नव्हतं.

“फुलं ठेवली की झाड जड दिसतं,” बोगनवेलीनं कवठीला समजावलं. “आबांना सगळं प्रमाणात लागतं.”

“तुमची तर एवढी आहेत, ताई.”

“ही? ही पानं आहेत गं, रंगीत. फुलं मधे असतात, इवलीशी. ती कुणी बघत नाही.” हे तिनं इतक्या सहज सांगितलं की कवठीला पुढं काही विचारवेना.

कवठीच्या कळ्या खुडल्या गेल्या आणि झाडून काढल्या गेल्या. मुळं गेली तेव्हा तिला दुखलं होतं. या वेळी दुखलं नाही, राग आला. आपलं फळ केवढं असतं हे आपल्यालाही माहीत नाही, आणि असंच चाललं तर ते कधी माहीत होणारही नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिला एक फळ हवं होतं. एकच, पण पुरतं.

तिन्हीसांजेला ती नांद्रुकाला म्हणाली, “अहो, पुढच्या वेळी मला एक ठेवायचंय.”

“ठेव की,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आबांना विचारून ठेव.”

“तुम्ही विचारा.”

“मी?” नांद्रुकाची पानं एकदम सावध झाली. “राहू दे ना. एका फळानं काय होणारे?”

“तेच बघायचंय.”

वर्षभर तिनं बघण्याचं काम केलं. कात्री दाखवलेलंच कापते. दाखवणारे समोरून दाखवतात. आणि आबा, ज्यांच्या डोक्यावर तिची फांदी वाकलेली होती, ते कधी वर बघत नाहीत. त्यांना तशी गरजच पडलेली नव्हती.

पुढच्या ऋतूत त्या वाकवलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला, पानांच्या आड, एक फूल आलं. कवठीचं फूल दिमाखाचं नसतं. मळकट हिरवं, लालसर झाक असलेलं. वरून ते पानांत लपलं, आणि खालून बघणारं कुणी नव्हतं. बाकीच्या कळ्या तिनं मुकाट्यानं जाऊ दिल्या. कात्री त्या फांदीपाशी आली, थबकली, म्हणाली, “हे मला कुणी दाखवलेलं नाही,” आणि पुढं गेली.

फूल गळलं, फळ धरलं. वाटाण्याएवढं झालं, मग बोराएवढं, मग लिंबाएवढं. आपलं फळ एवढंच असणार असं कवठीला प्रत्येक टप्प्यावर वाटे, आणि प्रत्येक वेळी ते वाढतच राही. तार सालीत रुतू लागली. निळी कुंडी पुढं किंचित कलली. एके सकाळी तिला जाणवलं की कुंडी आणखी कलत नाहीये. नांद्रुकानं केव्हातरी आपली जड कुंडी तिच्या कुंडीच्या मागच्या कडेवर रेलवून ठेवली होती. बोलला मात्र काही नव्हता.

खाली आबांच्या कुंडीतल्या शेवाळावर दुपारी एक गोल सावली पडू लागली.

“ढग आलाय वाटतं,” आबा म्हणाले.

आभाळ निरभ्र होतं. “हो आबा,” सगळे म्हणाले.

सावली वाढत गेली तसा ढग मोठा होत गेला. यंदा पाणी चांगलं होणार, असा आबांनी अंदाज वर्तवला.

माईला मात्र कळलं होतं. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात. त्या संध्याकाळी ती मिटायची विसरली. बऱ्याच वेळानं तिनं हलक्या आवाजात विचारलं, “जड होतं का गं?”

“होतं, माई.”

“हं.” माईनं फळाकडं पुन्हा एकदा बघितलं. “मलाही येतात म्हणे. चिंचा. लांबट असतात की गोल, कोण जाणे.” आणि तिनं पानं मिटून घेतली. कुणाला सांगितलं नाही.

मांडणीचा दिवस आला. शेजारच्या राज्यांतली जुनी, मानाची झाडं पाहुणी म्हणून आली. फळीवर दोन कोऱ्या कुंड्या वाढल्या होत्या. त्यांचं कौतुक झालं. त्या कुणासाठी हेही हळूच विचारलं गेलं, आणि “बघतोय, बघतोय, सांगून येतायत,” असं आबांनी सांगितलं. मग मंडळी झाडांकडं वळली. एक बुटकी गोरखचिंच, खोड पिंपासारखं, आबांसमोर उभी राहिली आणि बघतच राहिली.

“आबासाहेब,” ती म्हणाली, “तुमच्या डोक्यावर हे काय?”

आबांनी वर बघितलं. सवय नसल्यामुळं त्यांना वेळ लागला.

वीतभर झाडाला पुरतं कवठ लागलं होतं. खाणीतल्या, रानातल्या, कुठल्याही मोठ्या कवठीला लागतं तेवढं, कणभर कमी नाही. पांढुरकं, टणक, गोल. निळी कुंडी त्याच्यापुढं वाटीसारखी दिसत होती.

“हे कुणाला विचारून ठेवलं?”

आबांनी उत्तराची वाटही बघितली नाही.

“कात्रीला बोलवा.”

कात्री आली. तिनं वर बघितलं, खाली बघितलं. “दाखवलंत, मी कापते. माझं काही नाही. पण खाली धरायला कोण आहे? हे कवठ आहे आबा, बोर नव्हे. देठ सुटला की थेट तुमच्या ताटलीत. जुनी भाजणी, त्यात पातळ. शिक्क्यासकट जाईल.”

“थोरल्या सूनबाई, तुम्ही धरा.”

“मी कशी धरू आबा? मला तार आहे ना सगळीकडं,” बोगनवेल म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात तारेविषयी समाधान होतं.

“माई?”

माई फळाकडं बघत होती. तिला ऐकू आलं नसावं.

“मग राहू दे तूर्त,” आबा पाहुण्यांकडं बघून हसले. “पिकल्यावर बघू.”

“पिकल्यावर काय बघायचं?” कात्री म्हणाली. “पिकलं की आपणहूनच पडतं ते.”

आता सगळे कवठीकडं बघू लागले. तिच्याकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं, कुंडीकडंच बघायचे. खालच्या पायरीवर तिचा आवाज कसा आहे हे माईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

“बोला की आता,” आबा म्हणाले. “का आमच्या डोक्यावर हे असंच राहणार?”

फांदी अजून वाकलेलीच होती, त्यांनी वाकवली होती तशी. कवठीनं तिथूनच, दोन्ही पायऱ्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं:

“माझं फळ याहून लहान येत नाही, आबा. कापलंत तरी खाली येईल, पिकलं तरी खाली येईल. तुम्हीच जरा सरकून बसा.”