वालरोशचा कोरडा पूल

"उद्या दुपारी मी परत येईन. तोवर या पुलाखालून पाणी वाहिलं नाही, तर तुमची घंटा माझी!"

एवढं बोलून उमराव गास्पार यांनी घोड्याला टाच मारली. फ्रान्समधल्या वालरोश या इवल्याशा गावातली माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. उमरावांना घोड्यावर बसलेला स्वतःचा पुतळा ओतायचा होता आणि नेमका शेपटीपुरता धातू कमी पडत होता, म्हणून चर्चच्या घंटेवर त्यांचा डोळा होता.

वालरोशचं वैभव काय सांगावं? चर्चचा मनोरा तिरका, किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भिंतीवर शेळ्या, आणि पूल भर शेतात. पणजोबांच्या काळी गवंडी आला तो ऐन उन्हाळ्यात. नदी आटलेली. "कुठे बांधू?" त्यानं विचारलं. गावानं सावलीची जागा दाखवली, बिचाऱ्याला ऊन लागू नये म्हणून. पाऊस लागल्यावर नदी वाहिली ती हाकेच्या अंतरावरून.

घंटेचा आवाजही फुटकं पातेलं बडवल्यासारखा. पण ती वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बास्त्यांची मुलगी पेरिन हिचा तिच्यावर फार जीव. आईच्या लग्नात हीच वाजली होती आणि येत्या रविवारी पेरिनच्या लग्नात वाजायची होती.

"रातोरात चर खणू," लोहार म्हणाला.

"आणि बाबांसारखे तबेले झाडू?" पेरिननं विचारलं.

बास्त्यांनी गेल्या वर्षी घेवड्यासाठी नदीतून वीतभर पाट काढला होता. "नदी माझी आहे. तिला वळवायचा हुकूम फक्त मी देणार," असं सुनावून उमरावांनी त्यांना महिनाभर तबेला झाडायला लावलं होतं.

ते आठवलं आणि पेरिन एकदम हसली. "खणायचं काही नाही. घरी जा आणि झोपा."

"झोपण्यात आमचा हात कुणी धरणार नाही," लोहार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उमराव आले ते घंटा न्यायला गाडी घेऊनच. पेरिन पुलावर उभी होती.

"पाणी कुठे आहे?"

"तयार आहे, सरकार. ते काय, हाकेच्या अंतरावर तुमच्या हुकमाची वाट बघतंय."

"माझ्या?"

"नदी तुमची. तिला वळवायचा हुकूम फक्त तुम्ही देणार, असं बाबांना तुम्हीच बजावलंत. आम्हाला जमलं तेवढं आम्ही केलं, पूल आधीच बांधून ठेवला. आता तुम्ही तिला 'ये' म्हणा."

उमराव नदीकडे बघू लागले आणि गाव उमरावांकडे. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"ये," ते पुटपुटले.

नदी आपल्या वाटेनं वाहत राहिली.

"मनावर घेऊ नका, सरकार," पेरिन म्हणाली. "मालकी तुमची असली तरी राहते ती वालरोशमध्ये. योग्य जागी जायची अक्कल इथे कुणाला असती, तर पूल तिकडे नदीवर नसता का झाला?"

उमराव इतके हसले की घोडा बावरला. गाडी रिकामीच परत गेली.

रविवारी घंटा वाजली तेव्हा उमराव चर्चमध्ये पुढच्या बाकावर होते. घेवड्याला पाट काढायची परवानगी त्यांनी आहेरात दिली. पुतळ्याचा घोडा मात्र बिनशेपटीचाच राहिला, आणि वालरोशकरांना तो अगदी आपल्यातला वाटतो.