केतकीची नळी

“…मग वस्ताद, कोरलेली घेऊ, की ओढलेली?”

केतकी इंगवलेनं नेमबाजीच्या रेंजच्या दारातूनच विचारलं. पायातली चप्पल अजून निघायची होती.

कोल्हापुरात रायफल शिकवणारे इलाही वस्ताद ओल्या शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “आधी घाम पूस. काय कोरलेलं, काय ओढलेलं?”

“नळी हो, रायफलची!”

आणि पोरीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गेला महिनाभर आमटीत मीठ आहे की नाही हे तिला कळत नव्हतं, पण नळी कशी बनते ते तोंडपाठ! एका तऱ्हेत पोलादाची नळी आत साचा घालून बाहेरून ठोकतात, की गोळीला फिरकी देणारे आतले पिळाचे आटे आपसूक उमटतात. दुसरीत कडक धातूचं बोंड आतून ओढून आटे दाबून काढतात. आणि तिसरीत एकेक आटा हळूहळू कोरत जायचं. वेळखाऊ काम, पण त्याचं नाव मोठं.

“माझी पडली ठोकलेली,” केतकी म्हणाली. “म्हणून मधूनच गोळी बाजूला पळते. रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. गेल्या खेपेला एका गुणानं राहिले. यंदा राहिले तर आई म्हणणार, बास झालं आता, रायफल ठेव माळ्यावर.”

“हं…”

“तर सांगा, तिन्हीत चांगली कोणती?”

“नीट केलेली.”

“वस्ताद! गोल गोल बोलू नका.”

“बरं, सरळ बोलू. चटई टाक.”

केतकी पालथी झाली. खांद्याला रायफल लावली. वस्तादांनी निशाणाचा नवा कागद लावून घेतला, आणि तिच्या बाजूची दुर्बीण उचलून स्वतःच्या डोळ्याला लावली.

“ही कशाला नेली? मला कसं दिसणार?”

“नाहीच बघायचं. गोळी सुटताना नेम कुठं होता ते ध्यानात धर, आणि कुठं लागली ते तूच सांग.”

फट्ट.

“दहा.”

वस्तादांनी दुर्बिणीतून पाहिलं.

फट्ट.

“दहा.”

वस्तादांनी एक शेंग फोडली.

फट्ट. केतकीनं जीभ चावली. “नऊ… उजवीकडे, खाली.”

“वा!”

तिला वाटलं, चुकून बोलले असतील. पुन्हा नेम धरला.

फट्ट.

“अगं बाई… आठ. वर गेली. श्वास थांबायच्या आधीच बोट ओढलं.”

“वाहवा! जिंकलीस गं लेकी!” वस्तादांनी मांडीवर अशी थाप मारली, की टरफलं उडून चटईवर पडली. पलीकडे नेम धरून पडलेले दातांचे डॉक्टर दचकले आणि त्यांची गोळी मातीत गेली.

केतकी ताडकन उठून बसली. “दहाला तोंडातून शब्द नाही, आणि आठाला वाहवा? रविवारी माझी निवड आहे, आणि तुम्ही थट्टा करताय होय?”

“थट्टा कसली? बघ की.” वस्तादांनी दुर्बीण पुढे केली.

तिनं रागारागानं डोळा लावला.

दोन दहा एकात एक. नऊ उजवीकडे, खाली. आठ वर.

एकेक भोक, तिनं सांगितलं तिथंच.

ती बघतच राहिली…

मग तिचे खांदे हलायला लागले. वस्तादांना आधी वाटलं, रडते की काय. पण पोर हसत होती. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. डॉक्टरही काही न कळता हसायला लागले.

“आईला काय सांगू आता? चूक बोटाची, आणि नळीवरून महिनाभर डोकं खाल्लंय तिचं!”

“शेंगा खा आधी.”

तिनं मूठभर शेंगा घेतल्या. चार दाणे तोंडात टाकले. पण जित्याची खोड! खाता खाता पुन्हा विचारलंच, “म्हणजे वस्ताद, नळी कधी बदलायचीच नाही?”

“बदलू की! का नाही?” वस्तादांनी कागद काढून तिच्या हातात दिला. “ज्या दिवशी तू खरं सांगशील आणि हा कागद खोटं बोलेल… त्या दिवशी ये. कोरलेलीच आणू.”