दुसरा उजेड

"मग पेशीतलं कॅल्शियम बांधून टाकलं, तर बिघडलं कुठे, बाई?" सारंगने विचारलं.

मालिनीबाई ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर पदर खोचून बसल्या होत्या. पायाशी पाण्याचं डबकं होतं आणि डबक्यात खडकाला चिकटलेले बार्नेकल नावाचे बारके जीव. चुन्याच्या इवल्याशा घरांतून पिसासारखे पाय बाहेर काढून ते पाणी चाळत होते.

बाई निवृत्त होऊन आचऱ्याला येऊन राहिल्या, त्याला बरीच वर्षं झाली. पण गोव्यातल्या ज्या संस्थेत सारंग तेंडोलकर याच जीवांच्या डोळ्यावर संशोधन करत होता, तिथे अजून त्यांचा शब्द चालायचा. त्या शब्दासाठीच तर तो आला होता.

सारंग हुशार होता. ते त्याला ठाऊकही होतं, आणि या दुखण्यावर कोणत्याही वैद्याकडे मात्रा नाही.

"उजेड पडला की डोळ्याची पेशी जागी होते," तो सांगू लागला. "पण लगेच आतलं कॅल्शियम वाढतं आणि प्रतिसाद खाली ओढतं. मी पेशीत औषध सोडून ते बांधूनच टाकलं. बाई, असा प्रतिसाद कुणी पाहिला नसेल! उंच चढला, आणि खाली यायचं नाव नाही."

"लगेच चढला?"

"...जरा उशिरा."

"हं."

"पण चढला किती! कॅल्शियम म्हणजे घरचा भेदी, दुसरं काही नाही."

"नजमा काय म्हणते?"

सारंगचं तोंड आंबट झालं. नजमा मुकादम त्याची सहकारी, बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. काचेची बारीक सुई जिवंत पेशीत कशी घालायची, हे सारंगला तिनेच शिकवलं होतं. एवढं मात्र तो कुणाला सांगत नसे.

"तिच्याबद्दलच बोलायचं होतं," तो म्हणाला. "तिला दुसऱ्या कामावर घालायला सांगा. मी काही मांडलं की हिचं 'थांब, पुन्हा बघ' सुरू. वर जाऊच देत नाही. तुमच्या एका शब्दाने होईल, बाई."

नजमाने या कामाला आपल्या उमेदीची वर्षं दिली होती. तिला इथून उठवायचं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं.

बाईंनी भलतंच विचारलं.

"दुसरा उजेड दिलास?"

"म्हणजे?"

"पहिला उजेड दिलास, पेशी जागी झाली. ती तशी असतानाच दुसरा दिलास का?"

उजेडाचा एक झोत, मग लांबलचक काळोख, मग पुन्हा एक झोत, अशीच सारंगच्या हाताला सवय होती. लागोपाठ दोन झोत देऊन बघ, असं नजमा पहिल्यापासून म्हणत होती. भांडण त्यावरूनच पेटलं होतं, तेही सगळ्यांसमोर.

"...दिला एकदा."

"मग?"

"काही झालं नाही. पडद्यावरची रेघ होती तिथेच राहिली. सुई हलली असेल म्हणून मी ते सोडून दिलं."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यांनी डबक्यावर हात धरला. सावली पडली मात्र, सगळी पिसं आत गेली, घरं बंद झाली. त्यांनी हात काढला. थोड्या वेळाने एक पीस बाहेर आलं. मग आणखी एक.

"मासा आला की अशीच सावली पडते," बाई म्हणाल्या. "सकाळपासून उन्हात आहेत बिचारे. तरी सावली कळली. कशी?"

सारंगला उत्तर येत होतं. पण ते ओठांवर आलं तेव्हा त्याचं त्यालाच कडू लागलं.

"सकाळचं ऊन उतरवून ठेवतात म्हणून. ते तसंच चढून राहिलं असतं, तर... सावली कळलीच नसती."

"कोण उतरवतं ते?"

"...कॅल्शियम."

"आणि आधी चढवतं कोण?"

त्याला तो उशिरा चढलेला प्रतिसाद आठवला. कॅल्शियम बांधल्यावर पेशी जागी व्हायलाच अडखळली होती.

"त्यातही हात त्याचाच," तो पुटपुटला.

दूर खडकांवर पाणी फुटत होतं. भरती लागायची वेळ झाली होती.

"पण तिने मला चारचौघांत खोटं पाडलं, बाई!" सारंग एकदम म्हणाला. "मला ते सहन होत नाही. खरंच होत नाही."

खरं दुखणं हे होतं. इतका वेळ कॅल्शियमच्या नावाने कण्हत होतं, एवढंच.



काय करावं ते न कळून सारंगने आपलाही हात डबक्यावर धरला. सगळे मिटले. तो वाट बघत बसला. एखादं पीस हळूच डोकं काढायचं, तेवढ्यात तो नीट बघायला पुढे वाकायचा, सावली हलायची, आणि पीस परत आत जायचं. त्याने पुन्हा वाट पाहिली. पुन्हा तेच झालं.

"बाई... हे आता उघडत का नाहीत?"

बाई उठल्या. खोचलेला पदर सोडला आणि घराच्या वाटेला लागता लागता म्हणाल्या,

"तुझा हात काढ."