बांधातला मुका यक्ष

पूर्वी कृतयुगात, जेव्हा नद्या अजून आपल्या वाटा ठरवीत होत्या आणि पर्वतांना नुकतेच स्थैर्य लाभले होते, तेव्हा तमोदा नदीच्या तीरी महर्षी और्जस्वींचा आश्रम होता. वेदघोषाने पावन झालेल्या त्या कदंबवनाला एकच भय होते, ते तमोदेच्या पुराचे. म्हणून महर्षींनी घोर तप करून कुबेराकडे एक शिल्पी मागितला, आणि धनपतीने कीलक नावाचा यक्ष बांध घालण्यासाठी धाडला.

कीलकाची विद्या अलौकिक होती. तळहात टेकताच शिळेच्या पोटातली चीर त्याला कळे. वाणी देताना मात्र विधात्याने हात आखडता घेतला असावा. सांगायचे त्यातले अर्धे मनातच राही आणि उरलेले शिवीसारखे बाहेर पडे. "हात आहेत की खूर?" एवढेच म्हणून तो शिष्यांनी रचलेले दगड ढकलून देई, काय चुकले ते कधी सांगत नसे. एकेक शिष्य रडत परतला. शेवटी तो एकटाच बांधू लागला, आणि बांधाच्या पोटात काय आहे हे त्याच्यावाचून कोणालाच ठाऊक राहिले नाही.

ऋषिपत्नी अरजा म्हणाली, "स्वामी, त्याला जवळ बसवून समजावा. स्वतःच्या बोलण्याने काय होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही."

"देवी, त्याचे काम पाहा! बांध पुरा होऊ दे, मग बोलेन."

दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरे काय! यक्ष रुसून निघून जाईल याची महर्षींना धास्ती होती, आणि त्या धास्तीलाच ते क्षमा म्हणत होते.

बांध पुरा झाला. तरीही ते बोलले नाहीत. पुढे एका वर्षाकाळी, दशदिशांचे ऋषी यज्ञासाठी जमले असता, भर मध्यान्ही चिखलाने माखलेला कीलक मंडपात शिरला.

"उठा! मूर्खांनो, तूप कसले ओतता? उठा!"

मंत्र थांबले. और्जस्वी कष्टाने म्हणाले, "यक्षा, कारण सांग."

"दिसत नाही? आंधळे सगळे!" शब्द सापडेना, तेव्हा त्याने तुपाचे पात्रच लाथाडले.

मग वर्षानुवर्षे गिळलेले सारे महर्षींच्या मुखातून एकाच श्वासात उसळले. "मदांधा! माझे शिष्य तू रडविलेस, अतिथींना अपमानिलेस, आज अग्नीलाही सोडले नाहीस! जोवर तुला नीट बोलता येत नाही, तोवर तू बोलूच नकोस!" आणि त्यांनी कमंडलूतले जल सोडले.

कीलकाची जीभ पाषाण झाली. त्याने महर्षींचे उत्तरीय धरून त्यांना नदीकडे ओढले. शिष्यांनी त्याला मंडपाबाहेर ढकलले. तो एकटाच बांधाकडे धावला.

थोड्याच वेळात भूमी हादरली. पाण्याने पायथा पोखरून बांध फोडला होता. खालच्या पर्णकुटीत पाठ करीत बसलेले शिष्य पहिल्याच लोंढ्यात वाहून गेले. मंडप मात्र वाचला. सारे धावत गेले, तर भगदाड बुजलेले होते आणि शिळांच्या मधून कीलकाचा एक हात मनगटापर्यंत बाहेर आलेला होता. आतून ठोके येत होते.

अरजा रडत म्हणाली, "आता जा, स्वामी. आता सांगा त्याला."

महर्षी बांधाच्या भिंतीशी बसले. "वत्सा, तुझ्या कामाला तोड नाही. पण 'पायथ्यात पाणी शिरले आहे' एवढे एक वाक्य तू बोलला असतास, तर आम्ही उठलो असतो. ते तुला शिकविणे माझे काम होते. मी भ्यालो."

ठोके घाईघाईने वाढले, थांबले, पुन्हा सुरू झाले. महर्षींनी शाप मागे घेण्यासाठी उरलेले तप पणाला लावले. व्यर्थ! नीट बोलता येईतो मौन, असा शाप होता. आणि जीभच पाषाण झालेल्याला बोलणे कोण शिकविणार? देह पडेपर्यंत ते तिथेच बसून विचारीत राहिले, "काय म्हणालास, बाळा?"

त्या खोऱ्यातले गवंडी आजही कोणाला चारचौघांत बोल लावत नाहीत. बाजूला नेतात, चूक सांगतात आणि समोरच्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबतात. लोक याला विनय म्हणतात. मला वाटते, ती भीती आहे. कारण तमोदा चढली की बांधातून ठोके येऊ लागतात. काय सांगायचे आहे ते कोणालाच कळत नाही. पण आता कारण कोणी विचारीत नाही. माणसे मुलेबाळे उचलतात आणि मुकाट्याने डोंगराकडे चालू लागतात.